कोरडी जागा

सकाळपासून रिपरिप चालू होती. समुद्रात लांबवर गेलेल्या त्या दगडी बांधाचा दगड न् दगड भिजून काळा पडला होता. आणि त्या सगळ्या ओल्या पसाऱ्यात, अगदी टोकाला, एकच जागा कोरडी होती. माणूस मांडी घालून बसेल, एवढीच. वर छप्पर नाही, बाजूला आडोसा नाही. तरी तेवढा तुकडा पांढरट, सुका. कुणीतरी बराच वेळ बसून आत्ता, या क्षणी उठून गेल्यासारखा.

बाबांच्या मागून येणारी ती तिथेच थबकली. "बाबा, ही एवढीच जागा कोरडी कशी?"

"नशीब म्हण आपलं," बाबा म्हणाले, "चार दिवसांत पहिल्यांदा कुठे बुड कोरडं राहणार!"

ते मात्र खरं होतं. सुट्टीसाठी समुद्रकाठी घर भाड्याने घेतल्यापासून या माणसाने एकच प्रश्न लावून धरला होता, मासे धरायला बसायचं कुठे? भेटेल त्याला विचारायचं. मेडिकलवाला म्हणाला पुलाखाली. तिथे शेवाळाशिवाय काही नाही. पोस्टमन म्हणाला खाडीच्या तोंडाशी. तिथे बाबांची चप्पल वाहून गेली. घरमालकीण म्हणाली, दीपगृहामागे. तिथे दिवसभर बसून मिळाली सर्दी, तीही बाबांना नाही, हिला. कारण बाबा जातील तिथे हिने सावलीसारखं जायचं, असा दादाचा हुकूम होता. वर्षापूर्वीच्या आजारपणात बाबांचा डावा पाय गेला होता आणि अर्धामुर्धाच परत आला होता. निघताना दादाने बजावलं होतं, "त्यांना पाण्याजवळ एकटं सोडू नकोस. काही झालं तर तुला विचारीन." दादाचं बरं होतं. हुकूम सोडून तो घरी बसला होता.

बांधाचं टोक सुचवलं आमिष विकणाऱ्या बाईने. ओली कोळंबी कागदात बांधता बांधता ती म्हणाली, "मासा चिक्कार आहे तिथे. पण बसायच्या आधी मोठ्याने विचारायचं, जागा कुणाची आहे का? आणि जरा थांबायचं. उत्तर आलं नाही की खुशाल बसा."

"आणि आलं तर?" बाबांनी डोळा मिचकावला.

बाई हसली नाही. "तर दुसरीकडे बसा. एवढा मोठा किनारा पडलाय."

आता त्या कोरड्या तुकड्यापुढे उभं राहून ती म्हणाली, "बाबा, विचारा ना एकदा. विचारायला काय जातंय?"

"रिकाम्या जागेला विचारू? लोक वेड्यात काढतील."

"इथे लोक कुठेयत?"

"मग उत्तर कोण देणार, भागूबाई?"

झालं. भित्री भागूबाई हे नाव तिला लहानपणी चिकटलं होतं, आणि कॉलेजची पदवी हातात पडली तरी सुटलं नव्हतं. बाबांनी खिशातून निळ्या काठाचा रुमाल काढला, झटकला आणि ऐटीत त्या कोरड्या जागेवर टाकला. ही त्यांची जन्माची सवय. बस असो, सिनेमा असो, कुणाच्या लग्नातली पंगत असो, बाबा आधी घुसणार, रुमाल टाकणार आणि जागा आपली करणार. दोन जागा हव्या असल्या तर एकीवर स्वतः बसणार आणि शेजारी रुमाल. "ये गं, तुझी धरून ठेवलीय!" ही आरोळी ऐकत आणि मान खाली घालत ती लहानाची मोठी झाली होती.

"झाली आपली," म्हणत त्यांनी रुमाल उचलून खिशात घातला आणि बसकण मारली. काठीच्या टोकाला घुंगरू बांधलं, गळ टाकला आणि ओठांवर बोट ठेवलं. हा त्यांचा नियम. गळ पाण्यात आहे तोवर बोलायचं नाही, हाकेला ओ द्यायची नाही. मासे पळतात म्हणे. माणसं पळाली तरी चालतील.

ती छत्री धरून उभी राहिली. खांदा भरून आला, पाय गारठले. अखेर ती कुजबुजली, "बाबा, चला ना. अंधारून येतंय."

मान नकारार्थी हलली.

"निदान रेनकोट तरी आणलाय का? विसरलात ना?"

खांदे उडाले.

तिचा संयम सुटला. "बसा मग! बसा तिथेच, उठूच नका!"

एवढं बोलून ती रेनकोट आणायला तरातरा निघाली. घर बांधाच्या मुळाशीच होतं. जाऊन यायला कितीसा वेळ लागणार?

आत्या दारातच भेटली. बाबांची ही थोरली बहीण चार दिवस घरात बसून माशांची वाट बघत होती. "एकटीच? आणि तो कुठाय?"

"बसलाय तुझा भाऊ सिंहासनावर."

"लहानपणापासून तसाच. एकदा बसला की क्रेन आणा," आत्या म्हणाली. मग रेनकोट हातात देताना तिचा आवाज जरा उतरला. "पण एकटं सोडायला नको होतंस गं. तो पाय…"

"जातेच आहे ना! सगळ्यांनी मलाच बोला!"

बाहेर पाऊस थांबला होता आणि समुद्रावरून धुकं आत सरकत होतं. गावातल्या दिव्यांचे नुसते पिवळे डाग उरले. बांधावर पाऊल टाकलं आणि मागचं गाव पुसलं गेलं. खारट, कुबट वास, दगडांच्या फटीत पाण्याचा गुळगुळ आवाज. आणि पुढे, लांबवर, घुंगरू वाजत होतं.

छुन… छुन… छुन…

मासा लागला वाटतं! तिला क्षणभर बरंच वाटलं. आता तरी उठतील. पण घुंगरू थांबेना. मासा लागला तर माणूस काठी ओढतो, दोरी गुंडाळतो. हे नुसतंच वाजत होतं. रिकाम्या घरातल्या फोनसारखं.

"बाबा!"

उत्तर नाही. नियम! तिने दातओठ खाल्ले. "बाबा, कळला तुमचा नियम. एकदा नुसतं हं म्हणा."

छुन… छुन…

तिने मोबाईल लावला. पलीकडे रिंग वाजली, आणि ती पुढे धुक्यातही ऐकू आली. वाजून वाजून बंद पडली. आता मात्र ती धावत सुटली. चप्पल निसटली तरी थांबली नाही.

काठी दगडांच्या फटीत खोचलेली होती. पिशवी होती, आमिषाचा कागद होता, पिशवीत मोबाईल होता. बाबा नव्हते. तिने काठाशी ओणवं होऊन खाली पाहिलं. पाणी संथ, काळं. काठावर घसरल्याची खूण नाही, शेवाळही खरवडलेलं नाही. कोरडी जागा तशीच कोरडी होती, आणि जिथे बाबा बसले होते तिथला दगड हाताला कोमट लागला.

"बाबा, पुरे झाली थट्टा… मी रागावले नाहीये. खरंच नाही. चला ना घरी…"

आणि तेव्हा घुंगरू थांबलं.

त्या शांततेत तिला दिसलं. कोरडी जागा आता एकच नव्हती. पहिलीला लागूनच दुसरी होती, जरा लहान, मघाशी छत्री धरून ती जिथे उभी होती तिथेच. भोवतीचा दगड निथळत होता. आणि त्या धाकट्या जागेवर, चारही कोपरे नीट ताणून, निळ्या काठाचा रुमाल अंथरलेला होता.

पळावं, असं तिला वाटलं. पण बाबांना टाकून? दादाला काय सांगणार, आत्याला काय? तिने गावाकडे पाहिलं. गाव नव्हतं. मग तिला आमिषवाल्या बाईचं बोलणं आठवलं. जे बाबांनी केलं नव्हतं, ते आपण करावं. उत्तर नाही आलं तर इथे कुणी नाही. तर बाबा कंटाळून दुसऱ्या वाटेने घरी गेले असतील, चहा पीत असतील, आणि आपण उगाच… बांधाला दुसरी वाट नव्हती, हे तिला माहीत होतं. तरी तिने ओठ ओले केले.

"जागा… ही जागा कुणाची… आहे का?"

सांगितल्याप्रमाणे ती जरा थांबली.

आणि अगदी जवळून, तिच्या गुडघ्याच्या उंचीवरून, मासे पळू नयेत म्हणून बोलावं तशा दबक्या आवाजात उत्तर आलं.

"तुझी, भागूबाई. धरून ठेवलीय."