मॅडमचं मत

तो फक्त आत्याचं पुस्तक परत करायला आला होता. पण वाचनालयात चर्चेला बसलेल्या मंडळींच्या वर्तुळातली एक खुर्ची रिकामी होती आणि ग्रंथपाल मॅडमना वाटलं, हा नवा सभासदच.

"बसा ना... आणि सांगा, घरकामाला येणाऱ्या बायकांसाठी इमारतीत वेगळी लिफ्ट असावी का?"

"मी... शाळेत पीटी शिकवतो," तो गडबडून म्हणाला.

सगळे खो खो हसले. प्रश्न विचारणारी तीही हसली. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि पुढचा प्रश्न ती साफ विसरली.

तेव्हापासून दर शनिवारी स्वारी हजर. तिचं वाचनमंडळ म्हणजे तारेवरची कसरत होती. पुस्तकं सामाजिक न्यायावरची, आणि वाचायला सोसायटीचे सेक्रेटरी अन् त्यांच्याच घरी भांडी घासणाऱ्या मावशी शेजारी शेजारी. वाद पेटला की ती म्हणायची, "आता दुसरी बाजूही ऐकू या." स्वतःचं मत मात्र ती कधी सांगत नसे. सांगितलं असतं तर अर्धी मंडळी उठून गेली असती.

"आणि मॅडम, तुमचं मत?" खुर्च्या आवरता आवरता तो हमखास विचारायचा.

"मला मत नसतं."

"कशाबद्दलच?"

ती उगाच सरळ असलेली पुस्तकं सरळ करायची. हा चिडवतोय, की... आवडतो म्हणावं, तर तो सगळ्यांशीच असा हसून बोलतो. नाही म्हणावं, तर शनिवारी आरशासमोरून पाय का निघत नाही? आपल्याच मनाची ती दोन्ही बाजूंनी चर्चा घडवून आणायची, आणि काहीच न ठरता झोपी जायची.

एका शनिवारी सगळे गेल्यावर तो म्हणाला, "दुसऱ्या शहरातल्या शाळेनं बोलावलंय. उद्या कळवायचंय. जाऊ का?"

तिला 'नको' म्हणायचं होतं. आणि तोंडातून निघालं काय? "एका बाजूनं पाहिलं तर... संधी चांगली आहे. दुसरीकडे, आत्या एकट्या पडतील. त्यामुळे दोन्ही—"

"चर्चा आत्याशी झाली," तो हळूच म्हणाला. "तुमच्याकडे चर्चेसाठी नाही आलो."

विसरलेली पिशवी न्यायला मावशी आत आल्या होत्या. "सांगून टाक ग बाई," त्या म्हणाल्या. "या एका बाबतीत सेक्रेटरींचं आणि माझं एकमत आहे." आणि पिशवी उचलून चालत्या झाल्या.

ती कानापर्यंत लाल झाली. तिला रडूच यायला लागलं.

"जाऊ नका," ती म्हणाली. "आत्यांसाठी नाही... माझ्यासाठी. मला तुम्ही इथे हवे आहात."

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली. ती घाबरली. "अर्थात, तुमच्या बाजूनं विचार केला तर—"

त्यानं तिचा हात हातात घेतला.

"राहू द्या ना ते वाक्य तसंच. इतके शनिवार थांबलोय मी त्याच्यासाठी."