जास्तीचे शब्द

इस्पितळाच्या लिफ्टमध्ये कुणा परक्या माणसाने आपल्या केसांवरून बोललेलं तिला एरवी मुळीच खपलं नसतं. पण हा इतक्या कळकळीने म्हणाला, "रागावू नका... पण ही बट कोणी कापली तुमची? डावीकडे अर्धं बोट जास्त आहे हो!"

"मीच," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"तरीच! माझं सलून आहे. केस कापतो मी. म्हणजे — कापायचो."

तिसऱ्या मजल्यावर दोघंही उतरली. तिच्याच रेकॉर्डिंगच्या खोलीसमोर तो थांबला तेव्हा तिला कळलं, तीन वाजताचा पेशंट हाच. आजाराने त्याच्या हातातली कात्री आधीच काढून घेतली होती. आता जीभ जड होऊ लागली होती. बोलणं जायच्या आत सहाशे वाक्यं त्याच्या आवाजात भरून घ्यायची, त्यावरून यंत्र तो आवाज शिकणार. पुढे तो नजरेने अक्षरं निवडेल आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलेल. अट एकच, वाक्य कागदावर आहे तसं, एका पट्टीत वाचायचं. हसू नको, हेल नको, जास्तीचे शब्द नकोत.

आणि हा तर गिऱ्हाइकाला गप्पांत गुंगवून मान वळवणारा माणूस!

"मला पाणी हवं आहे," तो वाचायचा, "...आणि तुम्हीही चहा घ्या, दमलात."

"पुन्हा." ती बिघडलेलं वाक्य पुसून टाकायची.

"आज पाऊस पडेल... छत्री नसेल तर माझी न्या."

"पुन्हा! अहो, अशाने वर्ष लागेल."

"लागू दे की. घाई कोणाला आहे?"

घाई आजाराला होती. दर आठवड्याला शब्द जास्त अडखळत होते. ती मान खाली घालून भराभर पुसत राहिली. त्याचा आवाज तिला वाचवायचा होता, आणि हा जिवाचा आटापिटा कशासाठी, हे स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं.

पाचशे सत्त्याण्णवावं वाक्य होतं, 'खिडकी उघडा.'

"खिडकी उघडा," तो सावकाश म्हणाला, आणि हसला. "आणि... ती बट जन्मभर... माझ्या ताब्यात द्या."

सवयीने तिचं बोट डिलीटच्या बटणावर पडलं. आपण काय ऐकलं, ते तिला मागाहून समजलं.

"पुन्हा म्हणू?" त्याने विचारलं. डोळ्यांत केवढी आशा...

तिचा धीरच झाला नाही. "फक्त... कागदावरचं," ती पुटपुटली. ते वाक्य पुन्हा आणि उरलेली तीन त्याने निमूटपणे वाचली, एका पट्टीत, एकही चूक न करता.

चार महिन्यांनी यंत्र घेऊन ती त्याच्या घरी गेली. दार त्याच्या ताईने उघडलं. "या ना. त्याचं बोलणं थांबल्यापासून घर खायला उठतंय," ती म्हणाली. मग हळूच, "डॉक्टर म्हणतात, उन्हाळा काढला तर पुष्कळ. त्यालाही माहीत आहे." आणि दोघांना सोडून ती आत गेली.

तो खुर्चीत होता. मान पट्ट्याने आधारलेली, हात मांडीवर निपचित. डोळे मात्र तेच, खट्याळ. तिने त्याच्यासमोर स्क्रीन लावला. त्याची नजर एकेका अक्षरावर थांबत गेली, आणि मिनिटभराने त्याचा आवाज आला —

"बट अजून वाकडी आहे."

हुबेहूब तोच आवाज. पण सपाट. हेल नाही, हसू नाही. ते सगळं तिनेच तर पुसलं होतं. तिला रडू कोसळलं.

"कोणाला हात लावू दिला नाही मी," ती हुंदके देत म्हणाली. "आणि तुझं ते वाक्य... मी पुसलं रे. मला हो म्हणायचं होतं." तिचं 'अहो' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

त्याची नजर पुन्हा अक्षरांवर फिरू लागली. फार वेळ लागला.

"पुन्हा म्हणू?"

"म्हण." तिने डोळे पुसले. "घाई कोणाला आहे?"

"खिडकी उघडा," यंत्र म्हणालं.

तिने उठून खिडकी उघडली. मग खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसली, त्याचा हात उचलून त्या वाकड्या बटेवर धरला, आणि पुढच्या शब्दांची वाट पाहू लागली.