मागल्या दाराचं कुलूप

ज्येला खोटं वाटंल त्येनं हितंच थांबायचं. मला कुणाची करमणूक करायची न्हाय. हे माझ्या सख्ख्या भैनीच्या जिवावर बेतलंय.

दोन हजार तीन साल. सर्वपित्री अमावास्या. आजऱ्याजवळचं एक गाव, नाव सांगत न्हाय.

आणि रात्र न्हवती बरं का. भर दुपार हुती.

हंबीररावाच्या काजूच्या शेडात आम्ही दोघी भैनी कामाला हुतो. मी पुढं बी फोडाय, धाकटी अनुजा मागल्या खोलीत गर सोलाय. तिचं लगीन ठरलंतं. तुळशीचं लगीन झालं की तिचं.

मालक म्हणजे लई संशयी माणूस. बाया गर चोरत्यात म्हणून मागल्या दाराला भाईरनं कुलूप. किल्ली त्येच्या कमरंच्या करदोड्याला. सांजच्याला पुढच्या दारात झडती. पदर झाडा, केस सोडा, तोंड उघडा. तोंडात बॅटरी मारून बघायचा मुडदा!

पावसात भिजू नयेत म्हणून टरफलांची पोती आतच, मागल्या दाराला लावून रचायची. काजूच्या टरफलात तेल असतंय. हाताला लागलं तर कातडं जातंय. ठिणगी पडली तर जाळ इझता इझत न्हाय.

ह्याच जागी पहिलं जुनं शेड हुतं. त्येला आग लागली तवा शालूबाई नावाची बाई आत जळाली. कुलूप तसंच हुतं.

मालकानं पंचनाम्यात काय सांगावं? "बाई चोरी कराय शिरली. तिनंच आग लावली."

मेलेल्या बाईला चोर ठरवून हा मोकळा. तिथंच नवं शेड बांधलं. दार मागं, कुलूप भाईरनं.

श्रावणात सुरू झालं...

पहिल्यांदा अनुजानं ऐकलं. मागल्या खोलीत ती एकटी. पोत्यांमागं, दारावर...

ठक. ठक. ठक.

आतनं.

"आक्का, पोत्यांमागं कोण तर हाय."

"उंदरं असतील गं."

"उंदरं मूठ आवळून ठोकत्यात व्हय?"

मग वास याय लागला. काजू भाजायची भट्टी गार, पण जळक्या टरफलाचा वास. नाकात बसायचा, जेवण जायचं न्हाय.

एकदा धो धो पावसात मालक कुलूप उघडाय गेला आणि बोंबललाच. बोटांवर फोड आलं. पावसात भिजलेलं कुलूप... तापलेलं हुतं.

दुसऱ्या दिवशी त्येनं काय करावं? त्याहून मोठं कुलूप आणलं.

मी तोंडावर सांगितलं, "मालक, कुलूप काढा. शालूबाईला भाईर जायाचंय."

"कुलूप काढतो, आणि पोत्यानं गर न्या म्हणतो, व्हय?"

आमच्यात गंगव्वा वयानं मोठी, सीमेकडची. ती म्हणाली, "अमावास्येला तिला निवद दाखवा, दिवा लावा. जाईल गप."

हे मात्र मालकाला लगेच पटलं. कुलूप काढण्यापेक्षा नारळ फोडणं सोपं की!

अमावास्येला त्येनं सोताच्या हातानं नारळ फोडला. भात, वडं, खण ठेवला. आणि मागल्या दाराशी, पोत्यांच्या बुडाला, दिवा लावला. तेल काठोकाठ.

सगळ्या बाया वाकून पाया पडल्या. जळून मेलेल्या बाईपुढं आम्ही जाळ ठेवला, आणि एकीच्याबी डोक्यात आलं न्हाय!

दुपारी पुढं भाकरीची फडकी सोडून बसलो. अनुजा मागल्या खोलीतनं म्हणाली, "एवढं सोलून येती."

तेवढ्यात ठोकणं सुरू झालं. ह्या खेपंला सगळ्यांनी ऐकलं. ठक ठक ठक ठक... दार मोडंल असं.

गंगव्वानं हात जोडलं. "पोचला गं बाई निवद."

आम्हीबी जोडलं.

मग आवाज थांबला. एकदम.

आणि मागल्या खोलीतनं काळा धूर आला...

मधल्या वाटंत जाळच जाळ. आत जाता येईना. मी शेडाला वळसा घालून मागल्या दाराकडं पळत सुटले. मालकबी तिथं आलता. आतनं अनुजा दार बडवत हुती.

"आक्का! आक्का गं! दार!"

"मालक, किल्ली!"

त्येनं करदोड्याला हात घातला... आणि थांबला.

"आधी सगळ्या मिळून पुढचा माल भाईर काढा. मग उघडतो."

देवाशपथ सांगते, असंच म्हणाला. माझी भैन आत ओरडतीया, आणि ह्यो माल म्हणतोय!

मी त्येला चिखलात पाडला. करदोडा दातानं तोडला. किल्ली घिऊन कुलूप धरलं...

गार.

आत वणवा, आणि कुलूप हिरीतल्या दगडागत गार.

दार उघडलं. दाराला लावलेली पोती दोन्ही बाजूला ढासळून धडाडून पेटलेली, आणि मधोमध अनुजा उभी. साडीला डाग न्हाय. केसाचं टोक करपलं न्हाय.

मला वाटलं, देव पावला. तिला कवळा घातला, रडू आवरंना. तिनं माझ्या गळ्यात हात टाकला न्हाय. मला बाजूला सारून ती मालकासमोर गेली.

पदर झाडला. केस सोडलं. तोंड उघडलं.

मालक दोन पावलं मागं सरला. मग पाठ फिरवून पळाला.

पण मेला न्हाय तो. मरतील कशाला असली माणसं? पोलिसांना म्हणाला, "पोरगीनं दिवा लाथाडला." कागदावर आग तिच्या नावावर गेली. लगीन मोडलं. ह्येनं दुसऱ्या गावात शेड घातलं. बघून आलेल्या बाया सांगत्यात, मागल्या दाराला कुलूप हाय.

आणि अनुजा?

दिवेलागणीला ती घराच्या दारावर ठोकाय लागली. आतनं. दार सताड उघडं असलं तरी कवाडावर ठोकायची. मुठी फुटायच्या, रगात यायचं.

शेवटी सुतार बोलावला. पुढलं दार काढलं, मागलं काढलं. चौकटीबी उपसल्या. थंडीत गोणपाट लावून झोपतो. कुत्री आत येत्यात. येऊ देत.

तरी रोज सांजच्याला ती उठती. जिथं दार हुतं तिथं उभी राहून मोकळ्या हवेत मूठ आपटती...

आणि आवाज येतो. लाकडाचा.

काल मी तिचा हात धरला. म्हटलं, "अनु, हितं दारच न्हाय गं. माझी बाय, ये की भाईर."

तिनं माझ्याकडं बघितलं. वळखलं न्हाय.

हात जोडून म्हणाली...

"मालक, दार उघडा की."