घरातल्या माणसाचे केस

यामिनी आणि भार्गवची पहिली भेट भांडणानंच झाली. नेल्लूरच्या कॅन्सर हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीपलीकडे बसलेला हा उंच मुलगा तिच्या गोळ्या तिसऱ्यांदा मोजत होता.

"अहो, दोनदा मोजल्यात की! पळतायत का त्या?"

"चुकून चालत नाही..." त्यानं मान वर केली. "कोण आजारी आहे?"

"धाकटी बहीण. सोळा वर्षांची. आणि तुम्ही असंच चालवलंत तर मीही पडेन."

पुढे वर्षभर दर मंगळवारी ती खिडकीशी उभी राहिली. गोळ्या आता चार वेळा मोजल्या जाऊ लागल्या.

"चौथ्यांदा कशाला?"

"तेवढंच तुम्ही जास्त थांबता —"

"लाज वाटते का काही?" असं फणकारून ती निघायची, आणि जिना चढताना स्वतःशीच हसायची. मग स्वतःचाच राग यायचा. वर धाकटी लास्या ओकाऱ्या काढतेय, आणि आपण इथं हसतोय!

शेवटी लास्याचा रिपोर्ट स्वच्छ आला आणि अम्माच्या कृतज्ञतेला पूर आला. डॉक्टरांना लाडू, नर्सना साड्या, वॉचमनला आंब्याच्या लोणच्याची बरणी. औषधवाल्या भार्गवबाबूला दोन बरण्या. यामिनीला डोकं धरून बसायची वेळ आली. आता हे आवरणार कधी, असं ती विचारतेय तोवर अम्मानं जाहीर केलं, की गाडी ठरवलीय, तिरुमलाला बालाजीच्या दर्शनाला जायचं, भार्गवबाबूनंही यायचं, आणि डोंगरावर लास्याचे केस द्यायचे. तसा नवसच होता.

लास्याचे केस! औषधानं टक्कल पडल्यावर सहा महिने टोपी घालून बसलेल्या पोरीला आत्ता कुठे दोन बोटं कुरळे केस आले होते. दिवसातून वीसदा ती त्यांना हात लावून बघायची.

डोंगरावर केस काढायच्या मोठ्या दालनात रांग लागली होती. हातात टोकन घेऊन लास्या मुकाट रडत होती. यामिनीचा संयम तिथंच संपला.

"अम्मा, नुसत्या तीन बटा कापून देऊ या. बायका देतातच की तशा."

"देवाशी घासाघीस करू? पूर्ण बोललेय मी."

"अगं, तिचे केस देवानं आधीच नेले ना!"

"ते औषधानं नेले. आपण कुठे दिले?" अम्मानं लास्याला जवळ ओढलं. "पोर हाताला लागली माझ्या. आता शब्द मोडला आणि पुन्हा काही झालं तर?"

अम्मा हट्टी नव्हती, घाबरलेली होती. यामिनीनं आपली वेणी पुढे ओढली. "मग माझे घे."

"तुझं लग्न व्हायचंय! बोडकीला बघायला कोण येईल?"

"माझे चालतील का?" मागून भार्गवनं विचारलं.

"नाही रे बाबू," अम्मा कळवळून म्हणाली, "तू केलंस तेच पुष्कळ. याला घरातलंच माणूस लागतं."

भार्गव घुटमळला. "मग मला... घरातला करून घ्या ना. तुमची हरकत नसेल तर. आणि — यांची."

यामिनीचे कान तापले. "ही काय जागा आहे विचारायची? न्हाव्याच्या रांगेत?"

"खिडकीशी कसं विचारणार होतो?" तो हळूच म्हणाला. "तुमच्या हातातली चिठ्ठी थरथरत असायची. मी गोळ्या मोजत बसायचो, तेवढ्या वेळात ती थांबेल म्हणून..."

आणि हा शहाणा वर्षभर 'तेवढंच जास्त थांबता' म्हणत होता! यामिनीला त्याला दोन तडाखे द्यावेसे वाटले. त्याचा हात धरावासाही वाटला. दोन्ही जमेना, म्हणून ती नुसती खांबाकडे बघत राहिली.

अम्मानं एकदा लास्याकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे. मग तिनं डोंगराच्या धन्याला हात जोडून मनात काहीतरी परवानगी मागितली असावी, कारण डोळे उघडताच म्हणाली, "गोत्र कुठलं?"

"भारद्वाज."

"आमचं कौंडिण्य. जा मग, रांग पुढे सरकली."

अर्ध्या तासानं तो परत आला. गुळगुळीत डोकं, त्यावर चंदनाचा लेप, कान एकाएकी केवढे तरी मोठे. लास्यानं जवळ जाऊन त्या डोक्यावर तळहात फिरवला, अगदी जाणत्या माणसासारखा.

"भावोजी, पहिले आठ दिवस उशी टोचेल हं. रुमाल बांधून झोपा. मी शिकवीन बांधायला."

वर्षभर डोळ्यांतून टिपूस न काढलेली यामिनी भर दालनात हमसून हमसून रडू लागली. भार्गव गडबडला. अम्मा धावली, "अगं, आता काय झालं? नको असेल तर तसं सांग!"

"हो म्हणतेय मी!" यामिनी रडता रडता ओरडली. "एवढंही कळत नाही का कुणाला?"