न बसणारी वीट

दुकानात गिऱ्हाईक शिरलं की मुकेश आधी त्याच्या पायांकडे बघायचा आणि मग हातातल्या पिशवीकडे. ही सवय त्याला कुणी लावली नव्हती, गल्ल्यावर बसून बसून लागली होती. त्या दुपारी आलेल्या बाईंच्या चपला शेताच्या बांधावरच्या होत्या आणि पिशवी बिल्डरच्या जाहिरातीची. जमीन गेली, फ्लॅट आला, मुकेशने मनात म्हटलं. कुळगावच्या असणार. अंदाज बरोबर निघाला. बाईंचं नाव मोतीबाई.

काचेच्या कपाटासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. कपाटात प्लास्टिकच्या विटांची छोटी छोटी घरं मांडलेली होती. पोरं खेळतात त्याच दाणेदार विटा, पण मुकेशच्या हातात पडल्या की त्यांची दुकानं व्हायची, बंगले व्हायचे, अंबरनाथ पश्चिमेची एखादी अख्खी चाळ व्हायची.

उल्हासनगरच्या जुन्या बराकींच्या गल्लीत त्याचं खेळण्यांचं दुकान. मोबाईलने पोरांच्या हातातली खेळणी काढून घेतली तेव्हा धंदा पार बसला होता. माशा मारत बसण्यापेक्षा काही शिकावं म्हणून इंटरनेट चाळता चाळता त्याला ती साईट सापडली. ब्राउझर उघडला की समोर रिकामं मैदान. बाजूला विटांची कोठी, जगात निघाले असतील तेवढे आकार आणि रंग, आणि संपायचं नाव नाही. वीट उचलावी, ठेवावी, अख्खं घर भिंगरीसारखं फिरवून मागून बघावं. मनासारखं झालं की एक बटण दाबायचं. यंत्र थोडा वेळ विचार करतं आणि असं चित्र काढून देतं की खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पसरलेलं दिसतं. मुकेश पहिल्यांदा ते चित्र बघून खुर्चीवरून उठला होता आणि शेजारच्या कापडवाल्याला हाताला धरून घेऊन आला होता.

पण त्याचा खरा जीव जडला तो त्या साईटच्या प्रामाणिकपणावर. एका विटेच्या जागेत दुसरी वीट शिरू लागली की ती लाल व्हायची आणि बसायची नाही, मग तुम्ही कितीही दाबा. मुकेश म्हणायचा, आपल्याकडे एका प्लॉटचे तीन तीन मालक निघतात. इथे ती भानगडच नाही.

एका सिंधी आजोबांनी वडिलांची बराकीतली पापडाची खोली करून घेतली होती. खोली हातात घेऊन म्हणाले, "साईं, सगळं आहे, फक्त माश्या राहिल्या." मुकेशने काळ्या ठिपक्याएवढे तुकडे मागवून माश्या लावून दिल्या. आजोबा दुकानातच रडले.

मोतीबाईंना मात्र जुनं घर नको होतं, नवं हवं होतं. म्हणजे राहतात तोच सातव्या मजल्यावरचा फ्लॅट.

"माझ्या मानसाला डोल्यांनी दिसत नाय," त्या म्हणाल्या. "हाताला दिसंल असं घर करून दे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. जिथे टॉवर उभा आहे तिथेच त्यांचं घर होतं. टॉवर बांधून होईपर्यंत कमळाकरांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, दृष्टी पुरती गेली. नवा फ्लॅट त्यांनी कधी बघितलाच नाही. पाय जुन्याच घरात चालतात. जुन्या घराला मागलं दार होतं. त्यातून उतरलं की परस, मग वई, म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण, आणि कुंपण ओलांडलं की शेत. कमळाकर जन्मभर ते कुंपण टांग टाकून ओलांडत आले. आता मागल्या दाराच्या जागी बेडरूमची गॅलरी आली आहे आणि कुंपणाच्या जागी कठडा. गॅलरीचं दार बंद केलं तर म्हातारा त्याच्यावर डोकं आपटतो, मना कोंडलं म्हणून रडतो. सोसायटी ग्रील लावू देत नाही, इमारतीचा चेहरा बिघडतो म्हणते. मुलगा धर्मेश मस्कतला.

"परवा टांग टाकली त्याने," मोतीबाई म्हणाल्या. "मी चुलीपाशी. धावत गेले तर आत बसलेला, दाराशी. छाती चोलत होता. बोलला, ढकललं मना."

मुकेशला त्यातलं शेवटचं वाक्य ऐकूनही ऐकू आलं नाही. त्याने टेप काढला आणि येतो म्हणून सांगितलं. बिल्डरच्या छापील नकाशावर घर बांधायला तो काही दुधखुळा नव्हता.

कमळाकर पलंगावर पाय सोडून बसले होते. उंच माणूस, बोटांची पेरं आल्याच्या गाठीसारखी. टेपचा आवाज ऐकून म्हणाले, "शेठ, घर मापतंस का मना मापतंस?" आणि स्वतःच हसले. मुकेशने भिंती मोजल्या, पलंग मोजला, कपाट मोजलं. गॅलरीच्या दाराशी वाकला तेव्हा त्याला वास आला. नुकत्याच सारवलेल्या जमिनीचा, ओल्या शेणामातीचा. चकचकीत फरशी, सातवा मजला, बाहेर एप्रिलचं रणरणतं ऊन. त्याने फरशीला हात लावून बघितला. कोरडी होती, पण गार.

घर पडद्यावर भराभर उभं राहिलं. स्वयंपाकघर, हॉल, बेडरूम, पलंगाच्या दोन उशासुद्धा. मग मुकेशला एक युक्ती सुचली आणि तो स्वतःवरच खूश झाला. गॅलरीचं दार घरात दाखवायचंच नाही. तिथे भिंत बांधायची. म्हाताऱ्याच्या बोटांना एकदा पटलं की इथून वाट नाही, तर पायांनाही पटेल. थोडा खोटेपणा, पण जीव वाचवणारा.

त्याने दाराच्या रिकाम्या चौकटीत पहिली वीट नेली. वीट लाल झाली.

चौकटीत काहीच नव्हतं. एखादा तुकडा लपून राहिला असेल म्हणून त्याने घर फिरवून सगळीकडून बघितलं, त्या भागातल्या विटा काढून पुन्हा लावल्या. लालच. दुसऱ्या दिवशी कोरं मैदान घेऊन अख्खा फ्लॅट नव्याने बांधला. बाकी सगळं बसलं. दारात वीट बसेना.

मुकेश व्यापारी होता, नडलेला माल कुठे नडला हे शोधल्याशिवाय सोडत नसे. त्याने सर्वांत बारकी वीट घेतली आणि कडेकडेने चाचपत गेला. इथे बसते, इथे नाही. इथे बसते, इथे नाही. बसलेल्या विटा तशाच ठेवल्या. हळूहळू चौकट भरत आली आणि मध्ये एक पोकळी उरली. खाली अरुंद. वर रुंद होत गेलेली. आणखी वर एकदम आवळलेली... आणि त्याच्यावर एक गोल.

चित्र काढायचं बटण त्याने दाबलं. यंत्राने विचार केला आणि चित्र दिलं. गॅलरीतून ऊन आलं होतं, फरशीवर पसरलं होतं, उशांच्या सावल्या जिथे पडायला हव्या तिथे पडल्या होत्या. पोकळीत कुणी नव्हतं. पोकळीची सावली नव्हती. त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ही साईट आजवर त्याच्याशी खोटं बोलली नव्हती, आणि चित्रातही खोटं काही नव्हतं.

हेंद्रेपाड्याच्या घरी त्याने बायकोला, अस्मिताला, सांगून बघितलं. ती म्हणाली, दिवसभर भिंती बांधता, आता तुम्हाला हवाही आडवी यायला लागली. त्यांच्या घरात बुद्धवंदना व्हायची, पण भगताची पायरी कुणी चढलं नव्हतं. मुकेशचे वडील शिवराम तर सांगायचे, भूत भेटलं तर घरी घेऊन ये, चहा पाजू. मुकेश हसला आणि विषय सोडला.

तिकडे मोतीबाईंचा रोज फोन. म्हातारा काल पण गेला होता, आज पण गेला होता. घर लवकर दे.

साईटवर एक कळ असते. ती बंद केली की विटा एकमेकींना अडवत नाहीत, कुठेही बसतात. घाईत काम उरकणारे ती वापरतात. मुकेशने आजवर तिला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. विटा निमूटपणे पोकळीत शिरल्या, लाल न होता, आणि भिंत पुरी झाली.

तेच घर खऱ्या प्लास्टिकच्या विटांनी जोडून तो दुपारीच पोहोचला. मोठ्या परातीएवढं घर कमळाकरांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची ती जाड बोटं आधी बिचकत, मग मुंगीसारखी चालू लागली. हा दरवाजा. हा हॉल. इथे टीव्ही. "आरं, ह्यो तर माझा पलंग," ते म्हणाले आणि दोन्ही उशा चाचपून पोरासारखे खुलले. मुकेशला आपल्या कामाचं इतकं सुख क्वचित मिळालं होतं. मोतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

बोटं भिंतीशी आली आणि थांबली.

"इथं कोनाला चिनलंत?" कमळाकरांनी हळूच विचारलं.

पंखा फिरत होता.

"कोन होतं तिथं?" मोतीबाईंचा आवाज जेमतेम आला.

"मागल्या दारची..." ते म्हणाले. "तुला काय ठावं. काढा तिला..."

आणि घर बाजूला ठेवून ते उठले. आंधळा माणूस चाचपत चालतो, तसे नाही. सरळ, सवयीने, स्वतःच्या परसात निघाल्यासारखे गेले. गॅलरीचं दार उघडंच होतं. मुकेशला वाटलं उंबऱ्याशी थांबतील. थांबले नाहीत. कठड्यावर हात टेकला आणि टांग टाकली.

मुकेशने झेप घेऊन त्यांना कमरेला मिठी मारली. म्हातारा शेतकरी गडी, अंगात बैलाची ताकद. एक पाय बाहेर, दुसऱ्याची फक्त टाच आत. मुकेशचे पाय फरशीवरून घसरू लागले. खाली गाड्यांचे टप लखलखत होते.

"मावशी," तो म्हणाला, ओरडायलाही श्वास नव्हता, "ती भिंत... काढा..."

मोतीबाईंनी काही विचारलं नाही. पलंगावर बसून त्या नखांनी विटा उपटू लागल्या. विटा फरशीवर टपटप पडत गेल्या. शेवटची पडली आणि समोरून, कठड्याच्या बाजूने, जिथे नुसतं आभाळ होतं तिथून, दोघांच्या छातीवर धक्का बसला. दोघेही आत पलंगाशी येऊन पडले.

मुकेशचा शर्ट पुढून ओला झाला होता. त्याला शेणामातीचा वास येत होता.

पुढचं काम मुकेशने शहाण्या माणसासारखं केलं. त्याच साईटवर अख्खा टॉवर बांधला, विटांचा, सगळ्या मजल्यांसकट. प्रत्येक गॅलरीला बारीक, पांढरं, नेटकं ग्रील लावलं आणि संध्याकाळच्या उन्हातलं चित्र काढून सोसायटीच्या मीटिंगमध्ये टीव्हीवर दाखवलं. चेअरमन हरिचंद्र पाटील, चेहरा बिघडतो म्हणणारे तेच, चित्र बघून म्हणाले की ग्रीलशिवाय आपली इमारत उघडीबोडकीच दिसते. सगळ्यांनी मिळून ग्रिलं लावली. माणसांना समजावून जे होत नाही ते यंत्राने एका चित्रात केलं, मुकेश हे अजून कौतुकाने सांगतो.

ग्रील बसल्यावर त्याने फ्लॅटच्या फाईलमध्येही ते लावलं आणि दारातली भिंत काढून टाकली. मग ती कळ पुन्हा चालू केली आणि धीर करून गॅलरीच्या दारात एक वीट नेली. वीट पांढरीच राहिली. बसली. त्याने खुर्चीला पाठ टेकली.

आंब्यांची करंडी घेऊन मोतीबाई आल्या त्या त्यानंतर. खुशीत होत्या. म्हातारा आता गॅलरीकडे फिरकत नाही. मांडीवर घर घेऊन बसतो, दुपारी गाढ झोपतो. आत्ताही झोपवूनच आल्या होत्या.

"आनि तुम्ही, मावशी? तुमची झोप?" मुकेशने त्यांच्याच बोलीत चेष्टेने विचारलं.

त्या हसल्या. "मी हॉलमधी निजते. पलंगावर येऊ देत नाय मना. जागा नाय म्हनतो."

मुकेशचा हात माऊसवर होता. फाईल समोर उघडीच होती. त्याने एक वीट उचलली आणि पलंगावर नेली, भिंतीकडच्या उशीपाशी. मोतीबाईंच्या जागेवर.

लाल.

तो स्क्रीन वळवणार होता, पण त्यांनी बघितलं होतं. त्यांना लाल वीट म्हणजे काय ते कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्या जवळ आल्या, गल्ल्यावर हात टेकून वाकल्या आणि दुकानात दुसरं कुणी नसतानाही कुजबुजल्या.

"तिला किती जागा लागतंय ती माप. त्याला वाचवलंय तिने, मी भांडनार नाय. उरंल तेवढी मना पुरंल."

मुकेशने मापायला घेतलं. उशाकडे लाल. मध्ये लाल. पायथ्याशी लाल. मोतीबाईंच्या बाजूला बोटभरही जागा उरली नव्हती. मग तिची जागा कुठे संपते ते बघावं म्हणून त्याने वीट पलंगाच्या अलीकडच्या बाजूला आणली, कमळाकरांच्या. तिथे ती बसायलाच हवी होती. जिवंत माणसं त्या साईटला ठाऊक नसतात. त्यांच्यासाठी ती कधी जागा अडवत नाही.

वीट उशीवर गेली आणि लाल झाली.

त्याने ती सोडली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"काय झालं?" मोतीबाईंनी विचारलं.

"नेट... हळू चालतंय," मुकेश म्हणाला.

त्यांनी रिकामी करंडी काखेला लावली आणि चपला पायात सरकवल्या. "ऱ्हाऊ दे मग," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्याची उठायची वेल झाली. चा टाकायचा हाय."