हिच घट्ट होती, तरीही...

हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय आणि मी तिथे होते. कुणाला पटवून देण्याची ताकद आता माझ्यात नाही. पण यातलं काहीही मी रचलेलं नाही.

मागच्या ऑक्टोबरातली संध्याकाळ. मिशिगनच्या उत्तरेला, तळ्याकाठचं एक कॅम्पग्राउंड. सीझन संपलेला. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं.

माझा धाकटा भाऊ अंकुर आणि त्याची बायको कांचन वेस्ट विंडसरचं घर भाड्याने देऊन वर्षभर फिरायला निघाले होते. मागे फिफ्थ-व्हील ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घरच. त्याची जाड पिन पिकअपच्या हौद्यातल्या हिचमध्ये अडकते आणि हिचचा जबडा ती धरून ठेवतो. मी ॲन आर्बरहून वीकएंडपुरती त्यांच्यासोबत आले होते.

वाटेतच हिच वाजायला लागली.

ब्रेक मारला की... ठक.

निघालो की... ठक.

कांचन मेकॅनिकल इंजिनीअर. कुठेतरी लूज असणार, म्हणाली. पोचल्या पोचल्या पाना घेऊन हौद्यात चढली. बोल्ट आवळून पाहिले, जबडा पाहिला, पिन हलवून पाहिली.

सगळं घट्ट होतं.

अंकुरने इंजिन बंद केलं. आम्ही तिघं पिकअपपाशी उभे होतो. वारा नव्हता. काहीच हलत नव्हतं.

...ठक.

अंकुर म्हणाला, राहू दे, उद्या मेकॅनिकला दाखवू. कांचन ऐकेना. हायवेवर पिन सुटली तर मागच्या गाडीतल्या कुणाचा तरी जीव जाईल, म्हणाली. तेही खरंच होतं.

"मी आत पुढच्या बेडवर, हिचच्या अगदी वर बसून ऐकते," ती म्हणाली. "तू ट्रेलरचे ब्रेक लावून पिकअप हळू पुढे घे. फोन चालू ठेव."

ट्रेलरला एकच दार. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

अंकुरने पिकअप पुढे घेतली. ठक. त्याच्या फोनच्या स्पीकरवर कांचन म्हणाली, "अजून थोडं."

त्याने पुन्हा पुढे घेतली.

"अजून थोडं."

शब्द तेच... पण आता ती खूप लांबून बोलत होती.

मी तिला हाक मारली. आतून ओ नाही.

मी दार उघडलं.

बेडवर तिचा फोन होता. कॉल चालू.

कांचन नव्हती.

बाथरूम, कपाटं, बेडखालची जागा, सगळं पाहिलं. खिडक्यांना आतून कड्या होत्या. मी पुन्हा फोनकडे पाहिलं. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं...

आणि पुढे, अंकुरच्या पिकअपमधून तिचा आवाज आला.

"अजून थोडं."

पोलीस आले, कुत्री आली, तळ्यात पाणबुडे उतरले. अंकुरची कितीतरी दिवस चौकशी झाली. पोलिसांच्या मेकॅनिकने हिच पूर्ण खोलली. त्यात काही दोष नाही, म्हणाला.

कांचन सापडली नाही.

थंडी संपता संपता ट्रेलर परत मिळाला. विकून टाक म्हणून मी अंकुरच्या पाया पडायची बाकी राहिले होते. त्याने तो जोडला आणि निघून गेला.

तेव्हापासून तो चालवतोच आहे. नेब्रास्का, मोंटाना, कुठून कुठून फोन करतो. नोकरी गेली. नीट जेवत नाही. माझ्याकडे येऊन राहा, म्हटलं तर म्हणाला,

"थांबलो की ती गप्प होते, ताई."



त्याच्या मागच्या फोनला मी त्याला रागवत होते, रडत होते. गाडीचा आवाज तेवढा येत राहिला. आणि त्याच्याही मागून... खूप लांबून... कुणीतरी काहीतरी बोललं.

शब्द कळले नाहीत. बाईचा आवाज होता. पण तो कांचनचा होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

त्यानंतर अंकुरचा फोन आलेला नाही.

काल नागपूरहून कांचनच्या आईचा आला होता. भटजी विचारताहेत, म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "दिवस करायचे का गं तिचे?"

मी अजून त्यांना काही कळवलेलं नाही.