आत्याचा खड्याचा रेडिओ

आधीच सांगते, ही ऐकीव गोष्ट नाही. ऐकीव असती तर मीही नाक मुरडून पुढे गेले असते. हे आमच्या घरात घडलं, माझ्या खोलीत घडलं आणि माझ्या या दोन कानांनी मी ऐकलं.

आणि रात्र नव्हती बरं का!

शनिवार होता. शाळा सकाळची होती. लख्ख ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं होतं आणि खाली आई भांडी आदळत होती. भुतं अंधाराची वाट बघतात हे ज्याने ठरवलं, त्याला एकदा आमच्याकडे पाठवा.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. आधी ती आत्याची होती.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. टेलिफोन खात्यात नोकरी, लग्न केलं नाही, संसार केला तो रेडिओशी. खोलीभर तारा, गुंडाळ्या, सोल्डरचा वास. स्वतःच्या यंत्रावरून दूरदूरच्या लोकांशी कोडमध्ये बोलायचं रीतसर लायसन्स होतं तिच्याकडे. कोड म्हणजे तोच, टिंब आणि रेघेचा. शेजारपाजारचे तिला 'खटखटबाई' म्हणायचे. ती हसायची. म्हणायची, "त्यांना म्हणावं, तुमच्यापेक्षा लांबचे शेजारी आहेत मला."

मग तिला झटका आला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. डाव्या हाताचंही एक बोट तेवढं हलायचं.

बाबांनी तिला आजारी माणसं सांभाळणाऱ्या एका संस्थेत ठेवलं. दर रविवारी ते जायचे. मला एकदाच नेलं होतं. आत्या पलंगाच्या लोखंडी कठड्यावर बोट सारखं आपटत होती. मध्येच नख ओढत होती. नजर बाबांवर.

"बाबा, काय करतेय ती?"

"थरथर आहे ती. या आजारात होते तशी."

डॉक्टरांना त्यांनी तेच सांगितलं. आईलाही. थरथरत थरथरतच आत्या गेली. तिथेच.

आता यंदाचं सांगते. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. निम्मा वर्ग ज्वालामुखी करणार होता. खाण्याचा सोडा, त्यात व्हिनेगर, की आला फेस... याला म्हणे विज्ञान! मी हात वर करून सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी बिनविजेचा रेडिओ करणार." आधीची मी असते तर बाकाखाली लपले असते. पण यंदा मला कंठ फुटलाय, असं आई म्हणते.

आत्याचं सामान माळ्यावर होतं आणि तिने चिकटवलेला छापील तक्ता अजून भिंतीवर होता. कुठल्या जाडीची तार घ्यायची, केवढ्या नळीवर किती वेढे द्यायचे, अँटेना किती लांब सोडायची, सगळं त्यात. खाली कोपऱ्यात कोडची अक्षरं.

मी पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळायला बसले.

आई डोकावली. "अगं, स्वतःची वेणी घालता येत नाही आणि तारा कसल्या गुंडाळतेस?"

"आई, शास्त्रज्ञ आहे मी."

"असं? मग शास्त्रज्ञबाई, सकाळचं ताट उचला आधी."

त्या शनिवारी रेडिओ पुरा झाला. एक तार खिडकीतून गच्चीवरच्या टाकीपर्यंत. दुसरी नळाच्या पाइपाला. मध्ये एक चकाकता खडा आणि त्यावर टेकवायची बारीक तार. तिला हे रेडिओवाले 'मांजराची मिशी' म्हणतात! मिशी खड्यावर फिरवत राहायची, नेमकी जागा सापडली की आवाज येतो. ना बॅटरी, ना प्लग. हवेतून येईल तेवढ्यावरच चालतो बिचारा.

मी आत्याचा हेडफोन कानाला लावला. मिशी फिरवली.

गाणं!

बारीक, लांबून येणारं, पण गाणं! मी खुर्चीतच नाचले.

आणि गाणं तुटलं...

टक.

मला वाटलं, मिशी सरकली. पुन्हा टेकवली.

खर्रर... खर्रर... टक.

असल्या रेडिओवर बोलणं येतं, गाणं येतं. कोड ऐकायला वेगळं यंत्र लागतं, तक्त्यातच तसं लिहिलंय. शिवाय कोडचा आवाज शिट्टीसारखा असतो. हा तसा नव्हता. हा लोखंडावर नख ओढल्याचा आवाज होता.

मी अँटेनाची तार काढली.

टक. टक. टक. टक.

नळाची तार काढली. मिशी खड्यावरून उचलली.

टक... खर्रर...

आता रेडिओत रेडिओ असं काही उरलंच नव्हतं. मी हेडफोनची पिनच उपटली. हेडफोन एकटा टेबलावर पडला होता, कशालाच न जोडलेला.

आणि आवाज वाढला. खोलीभर ऐकू यायला लागला.

पळायचं सोडून मी काय केलं असेल? पेन घेतलं! टक म्हणजे टिंब, खर्रर म्हणजे रेघ. तक्त्यात एकेक अक्षर शोधायचं आणि हातावर लिहायचं. आत्या मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत पाठवायची, हे मला माहीत होतं. तेच तेच पुन्हा येत होतं, म्हणून जमलं.

पहिलं अक्षर जी. मग एच. मग ए.

घ... पुढे काय?

"घरी नेणं शक्य नव्हतं."

मी दचकून मागे पाहिलं. दारात बाबा. जेवायला बोलवायला आले होते. तक्त्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. ते हेडफोनकडे बघत होते.

"काय म्हणालात?"

"बंद कर ते."

"बंदच आहे, बाबा. पिन बघा."

टक, टक आणि खर्रर चालूच. मी उरलेली अक्षरं शोधली. आर. आय. एन. ई.

घरी ने.

मी हातावरचं वाचलं आणि मग बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. मी तीन अक्षरांवर असतानाच त्यांनी उत्तर दिलं होतं.

"बाबा... तुम्हाला कोड येतो?"



आई त्यांच्या मागे कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "येतो की," ती हळू म्हणाली. "लहानपणी दोघं भिंतीवर ठोकून बोलायचे, असं ताईच सांगायच्या." मग तिचा आवाज बदलला. "अहो... तुम्ही तर म्हणायचात, थरथर आहे."

"थरथरच होती ती."

"दर रविवारी?"

"कुठे ठेवणार होतो तिला?" बाबा ओरडले. "तू नोकरीवर, मी नोकरीवर! आणि हिला अभ्यासाला खोली नको होती?"

हिला म्हणजे मला.

मी तेव्हा सातवीत होते. खोली मला मागायचीही अक्कल नव्हती. बाबांनीच मला सरप्राइज म्हणून दिली. नवे पडदे, नवा पलंग. मी त्यांना मिठी मारली होती. आणि त्याच आठवड्यात रविवारी ते तिकडे जाऊन बसले असणार. समोर ती 'घरी ने' म्हणत असणार. यांना एकेक अक्षर कळत असणार आणि हे सफरचंद कापत असणार.

आवाज थांबला होता.

बाबा खाली गेले आणि जेवले. खरंच जेवले! मला ते भुतापेक्षा भयंकर वाटलं.

संध्याकाळी त्यांनी गच्चीवर जाऊन अँटेना कापली. प्रदर्शनात मी शेवटी ज्वालामुखी नेला. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "काय गं, रेडिओचं काय झालं?" मी म्हटलं, "चालला नाही." दुसरं काय सांगणार?

पण ते संपलेलं नाही.

हेडफोन मी खणात ठेवलाय. सुट्टीच्या दिवशी दुपारी घर शांत असलं की त्यातून आवाज येतो. आता 'घरी ने' नाही. एकच अक्षर.

खर्रर... टक... खर्रर.

तक्त्यात ते के आहे. आत्यासारख्या लोकांची पद्धत अशी की आपलं बोलणं संपलं की के पाठवायचा. त्याचा अर्थ, माझं झालं, आता तू बोल. आणि मग समोरचा बोलेपर्यंत गप्प बसून ऐकत राहायचं.

मी बाबांना सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर. "ती तुमच्यासाठी थांबली आहे."

"जेव," ते म्हणाले.

हल्ली ते वर येतच नाहीत. आई त्यांच्याशी कामापुरतं बोलते. आवाज सुरू झाला की खाली टीव्ही मोठा होतो. म्हणजे त्यांना तिथे, बंद दाराआडही ऐकू जातं.

मला आता कोड येतो. टेबलावर ठोकून मी केव्हाही उत्तर देऊ शकते. दोनदा बोट उचललंही होतं.

पण टेकवलं नाही. एक तर ती मला विचारत नाहीये.

आणि दुसरं... ही खोली कुणाला दिली, हे तिला अजून माहीत नसेल तर?